मेडिकलमधलं लहान मुलांचं शेल्फ: कोणती बाटली घ्यावी, कोणती परत करावी

मेडिकलमध्ये जाऊन "पोराला ताप आहे, सर्दी-खोकलाही आहे" एवढं सांगितलं की काउंटरवर निदान तीन बाटल्या येतात. जुलाब म्हटलं की त्यात आणखी दोनांची भर, अंगावर पुरळ म्हटलं की एक ट्यूब. हे परीक्षण त्याच मालाचं आहे. अमुक कंपनी चांगली की तमुक, हा इथला प्रश्न नाही. बाटलीत काय आहे, किती आहे, सोबत मापाला काय दिलंय, घरी नेल्यावर चूक कुठे होते आणि कोणत्या दुखण्यात मेडिकलच्या पायरीवर थांबायचंच नाही, हे आम्ही पाहिलं.

निकाल आधीच सांगतो. पैसे द्यावेत अशा वस्तू थोड्या आहेत: पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, झिंक, नाकात घालायचे सलाइनचे थेंब, डिजिटल थर्मामीटर आणि सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज. उरलेल्या मालापैकी बराचसा चिठ्ठीशिवाय घेऊच नये, आणि काही तर लहान मुलाच्या तोंडात जाताच कामा नये.

तापाची बाटली

पॅरासिटामॉल हे या शेल्फवरचं सर्वांत भरवशाचं औषध. योग्य मापात दिलं तर तान्ह्या बाळालाही चालतं, स्वस्त आहे, जेनेरिकही तितकंच चांगलं. मापाची सर्वांत धोकादायक चूकही याच औषधात होते, कारण एकाच नावाखाली ते तीन वेगवेगळ्या ताकदींत मिळतं. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असतं. साध्या पातळ औषधात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ. ज्याला डीएस म्हणतात किंवा ज्याच्या नावापुढे २५० लिहिलेलं असतं, त्यात ५ मिलीत २४० किंवा २५० मिग्रॅ. खोके दिसायला सारखे, फळाची चवही सारखीच.

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे एका वेळी १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसभरात जास्तीत जास्त चार डोस, आणि एकूण किलोमागे ६० मिग्रॅच्या वर नाही. ८ किलोचं बाळ घ्या. त्याला एका वेळी जास्तीत जास्त १२० मिग्रॅ. म्हणजे ड्रॉप्समधून १.२ मिली, साध्या औषधातून ५ मिली, २५० च्या बाटलीतून जेमतेम २.४ मिली. आता घरात "एक चमचा दे" एवढंच ठरलेलं आहे आणि हाती ड्रॉप्सची बाटली आली, तर त्या एका चमच्यात ५०० मिग्रॅ जातं. या बाळाची अख्ख्या दिवसाची मर्यादा ४८० आहे, म्हणजे एका घोटात ती ओलांडली. २५० च्या बाटलीतून चमचाभर गेलं तरी डोस दुप्पट होतो. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं, आणि पहिला दिवस मूल बऱ्यापैकी दिसतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. असा डोस गेल्याचं कळलं की मूल खेळत असलं तरी बाटली घेऊन लगेच रुग्णालय गाठायचं. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत सुरू व्हावा लागतो.

बाटलीवरचं मापाचं झाकण हा या मालाचा सर्वांत कच्चा भाग. पांढऱ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्याच उठावाच्या रेघा, रात्रीच्या उजेडात दिसतही नाहीत. घरातल्या चमच्याचा भरवसा नाही, कारण कोणात ३ मिली मावतं, कोणात ७. बोंडल्यातून औषध देऊ नये, अर्धं त्यालाच चिकटून राहतं. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मागून घ्यावी, काही रुपयांत मिळते. तिचं टोपण आधी काढून फेकून द्यायचं, कारण ते घशात जाऊ शकतं. मूल आडवं नको, अर्धवट बसलेलं हवं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडायचं, सरळ घशात पिचकारी मारायची नाही. ड्रॉप्सचा ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीसाठी वापरायचा. औषध दिल्यावर पंधरा मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर डोस पुन्हा देता येतो, त्यानंतर उलटी झाली तर नाही. उलट्या थांबतच नसतील तर गुदद्वारातून ठेवायची पॅरासिटामॉलची सपोझिटरी मिळते, तीही वजन पाहून.

वजन माहीत नसेल तर लसीकरणाचं कार्ड काढा, त्यावर मागच्या भेटीतलं वजन असतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन घेतात. चांगल्या मेडिकलमध्ये काटा असतोच.

तापाच्या पुढच्या बाटल्यांबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं पातळ औषध काउंटरवर सहज पुढे केलं जातं, कारण ताप लवकर उतरलेला दिसतो. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत, हे घेऊ नये. आयबुप्रोफेन प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतं आणि पोटात रक्तस्राव वाढवू शकतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलाच्या मूत्रपिंडालाही ते जाचतं, आणि कांजिण्यांत तर टाळावंच. मेफेनॅमिक अ‍ॅसिडचंही तसंच. त्याने क्वचित होणाऱ्या एका गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरअखेर सूचना काढली होती. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंद आहे, आणि मोठ्यांची गोळी कुटून पाजणं हा त्यावरचा तोडगा नव्हे. अ‍ॅस्पिरिनही मुलांना तापात द्यायचं नाही. एक गोष्ट सुटून जाते: सर्दीच्या कित्येक पातळ औषधांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. तापाची बाटली आणि सर्दीची बाटली दोन्ही दिल्या की डोस नकळत दुप्पट होतो.

ताप उतरवणं म्हणजे आजार बरा करणं नव्हे. १०१ ताप असलेलं मूल खेळतंय, पाणी पितंय, तर त्याला झोपेतून उठवून औषध पाजण्याची गरज नाही. पॅरासिटामॉलने तापातले झटके टळत नाहीत, म्हणून त्या भीतीपोटी डोस वाढवण्यात अर्थ नाही. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

थर्मामीटर काखेत लावायचा साधा डिजिटल घ्या. काख पुसून कोरडी करायची, टोक मधोमध, हात छातीशी दाबून धरायचा आणि आवाज येईपर्यंत हलवायचा नाही. कपाळासमोर धरायच्या बंदुकीचा आकडा घाम, पंखा, उन्हातून आलेलं डोकं या सगळ्याने बदलतो, त्यावर औषधाचा निर्णय घेऊ नये. कपाळाला चिकटवायच्या पट्ट्यांवर खर्च करू नका. आणि तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर शेल्फवरचं काहीच घ्यायचं नाही, डॉक्टरांकडेच जायचं. एवढ्या लहान वयात ताप हे रक्तातल्या जंतुसंसर्गाचं एकमेव लक्षण असू शकतं.

डेंग्यूत ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात आणि धोका नेमका तिथून सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरला आणि मूल गळून गेलं, पोटात जोरात दुखायला लागलं, सारख्या उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, हातपाय गार पडले, तर एक क्षण थांबू नये.

ओआरएस: शेल्फवरचं सर्वांत मोलाचं पाकीट

पाच तारे द्यायचे तर याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं, मिळून २०.५ ग्रॅम. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. म्हणून हे प्रमाण बिघडलं की औषधाचं काम संपतं. साखर जास्त झाली तर उलट आतड्यात पाणी खेचलं जाऊन जुलाब वाढतात.

इथेच कित्येक वर्षं ग्राहकांची फसगत होत होती. नावात ओआरएस असलेली, फळांच्या चवीची पेयं मेडिकलमध्ये खऱ्या पाकिटांच्या शेजारीच मांडलेली असत, आणि त्यांत सूत्राच्या कितीतरी पट साखर. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी सवय सुटलेली नाही. "तयार पाण्याचं द्या" म्हटलं की अजूनही टेट्रापॅक पुढे येतो. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख आणि घटकांचं ग्रॅममधलं प्रमाण छापलेलं पाहा. नुसता पोषणमूल्यांचा तक्ता आणि अन्नपरवान्याचा क्रमांक दिसला तर ते औषध नाही, पेय आहे.

पाकिटं दोन मापांत येतात: सुमारे २१ ग्रॅमचं मोठं, १ लिटरसाठी, आणि सुमारे ४ ग्रॅमचं लहान, २०० मिलीसाठी. सर्वांत वाईट चूक म्हणजे मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घोळणं. इतकं खारट पाणी गेलं की रक्तातलं सोडियम चढतं, मूल चिडचिडं होतं, झटकेही येऊ शकतात. दुसरी चूक म्हणजे अर्धं पाकीट आज आणि अर्धं उद्या, कारण पावडर डोळ्यांनी निम्मी होत नाही. घरी लिटरची बाटली असेल तर मोठं घ्या, नसेल तर २०० मिलीचीच पाच-सहा घ्या. उकळून गार केलेलं पाणी वापरायचं, मिसळल्यानंतर उकळायचं नाही, वरून साखर, सरबत, दूध, सोडा काहीच घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली. "पितच नाही, पाजलं की उलटतो" ही तक्रार बहुतेक वेळा घाईने पाजल्यामुळे असते. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. चमच्याने किंवा सिरिंजने हळूहळू गेलेलं पाणी बहुधा टिकतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वरणभात, मऊ खिचडी, दही, केळं द्यायचं, उपाशी ठेवायचं नाही. पाकीट नसेल तेव्हा लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाताची पेज मीठ घालून दिली तरी उत्तम.

झिंक विसरलं जातं, कारण त्याने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते आजाराचे दिवस कमी करतं आणि पुढच्या महिन्यांतले जुलाबही. सरकारी कार्यक्रमात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिग्रॅ, सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत २० मिग्रॅ, सलग १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात, हे मेडिकलवाल्यानेही सांगायला हवं.

जुलाब "बंद करणारी" गोळी, म्हणजे लोपरामाइड, लहान मुलांना द्यायची नाही. आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं आणि जंतू आतच राहतात. दोन अँटिबायोटिक एकत्र असलेली जुलाबाची पातळ औषधं साध्या पाण्यासारख्या जुलाबांत निरुपयोगी आहेत, कारण ते बहुतेक विषाणूंचे असतात. शौचातून रक्त पडत असेल तर औषध लागेल, पण ते डॉक्टर ठरवतील. प्रोबायोटिकच्या कुप्यांनी अपाय होत नसला तरी तेवढ्या पैशांत दहा दिवसांचं ओआरएस येतं. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, टाळू बसली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश मागे जाते, सहा-आठ तास लघवी नाही, अशा मुलाला घरी पाजत बसू नये.

खोकल्याच्या बाटल्या: जवळजवळ सगळ्या परत करा

सर्दीला सात ते दहा दिवस लागतात आणि मागे राहिलेला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. या काळात कोणतीही बाटली पाजली तरी खोकला "औषधाने गेला" असंच वाटतं. प्रत्यक्षात या मिश्रणांचा लहान मुलांना फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, अपाय मात्र माहीत आहेत. क्लोरफेनिरामिनने मूल गुंगतं, फेनिलेफ्रिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, टरब्युटालिनने हात थरथरतात, डेक्स्ट्रोमेथॉर्फन जास्त झालं तर श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. लेबलावर तो शोधा, बारीक अक्षरात असतो.

आणि मग २०२५. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापासाठी कोल्ड्रिफ नावाचं औषध घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं, कित्येक जण वाचले नाहीत. तमिळनाडूतल्या कारखान्यात तयार झालेल्या त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा ०.१ टक्का आहे. हे कारखान्यांत वापरायचं गोडसर द्रावक. औषधात लागणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या जागी स्वस्त, न तपासलेला माल वापरला की ते आत शिरतं. मुंबईने हे आधी पाहिलेलं आहे: १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि चौकशीला न्या. लेंटिन आयोग बसला. चव, वास, रंग यांवरून घरी काहीच ओळखता येत नाही. म्हणून नको असलेली बाटली घरात न आणणं, एवढंच पालकांच्या हातात उरतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानेही तेच सांगितलं: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून किंवा विकून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत. कोणतंही पातळ औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, उलट्या सुरू झाल्या, तर औषध थांबवा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

त्याऐवजी ०.६५ टक्के सलाइनचे थेंब. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मग मऊ फडक्याने पुसायचं. चोंदलेलं नाक मोकळं झालं की बाळ दूध ओढतं, आणि अर्धी तक्रार तिथेच मिटते. विकत घेताना बाटलीवरचा घटक वाचा. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब अगदी तशाच बाटलीत, कधी त्याच नावाने येतात. मोठ्यांच्या ताकदीचे थेंब तान्ह्याला गेले तर ते पेंगुळतं, श्वास आणि नाडी मंदावू शकते. वर्षापुढच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या, खोकला खरोखर हलका होतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, गुटीत बोटभर चाटवायलाही नाही, कारण त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. वाफारणारी मलमं दोन वर्षांखाली नकोत आणि नाकपुडीत तर कधीच नकोत. कापराची पोटली गळ्यात किंवा पाळण्याला बांधायची आपल्याकडची रीत सोडून द्यावी. कापराचा छोटा तुकडा तोंडात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

खोकल्यात बाटलीपेक्षा श्वास मोजणं जास्त महत्त्वाचं आहे. मूल शांत असताना किंवा झोपेत, सदरा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, घशातून घर्र आवाज येत असेल, ओठ निळसर असतील किंवा दूध ओढता येत नसेल, तर रात्र असली तरी निघायचं. फार्मासिस्टला हे तीन आकडे पाठ असावेत, आणि आमच्या दृष्टीने चांगल्या मेडिकलची ती एक खूण आहे.

अँटिबायोटिकची पावडर

सर्दी, साधा खोकला, पाण्यासारखे जुलाब यांत यांचा उपयोग नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय विक्री नाही. सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून एच-१ या, चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आहेत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. "मागच्या वेळी हेच दिलं होतं" म्हणून बाटली देणारं दुकान टाळा.

चिठ्ठीवर मिळालेली पावडर घरी हमखास चुकीची कालवली जाते. आधी बाटली उलटी करून टकटक करा, तळाशी बसलेली पावडर मोकळी होते. सोबतची पाण्याची कुपी असेल तर तीच पूर्ण वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच खूण समजलं की पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त ताकदीचा होतो. गरम पाण्याने औषध खराब होतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नाही, आतल्या कप्प्यात, आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायची, नाहीतर सुरुवातीला पाणी आणि शेवटी गाळ जातो. कालवल्याची तारीख लेबलावर पेनाने लिहा. फार्मासिस्टने पहिल्यांदा काउंटरवरच कालवून दाखवलं तर फारच उत्तम, तशी विनंती जरूर करा.

ट्यूब, जेल आणि बाळाच्या पोटाची बाटली

पुरळ, खाज, गजकर्ण, डायपरने आलेली लाली, सगळ्यावर एकच ट्यूब देणारं दुकान मुलाचं नुकसान करतं. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, गजकर्ण मात्र आतून पसरतं आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. डायपरच्या झाकलेल्या ओल्या त्वचेतून स्टिरॉइड शरीरात जास्त शोषलं जातं. डायपरच्या लालीला झिंक ऑक्साइडचा जाड थर आणि दिवसातून काही वेळ उघडं ठेवणं पुरतं. लाली जांघेच्या घड्यांत शिरली असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी, तिला क्लोट्रिमाझोल लागतं. पावडर नको, ती श्वासात जाते.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि पोटावर बारीक पुटकुळ्या, घरातल्या आणखी कोणाला तेच, म्हणजे खरूज. ५ टक्के परमेथ्रिन दोन महिन्यांपुढच्या मुलाला मानेपासून तळपायापर्यंत लावून आठ ते चौदा तास ठेवायचं, आठवड्याने पुन्हा. तान्ह्यांना डोकंही धरायचं, ते डॉक्टरांना विचारून. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावलं नाही तर खरूज परत येते, आणि मग "क्रीम बोगस निघालं" असा शेरा मिळतो.

तापासोबत पुरळ असेल तर कॅलामाइन घेऊन घरी जाऊ नका. कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ, सोबत खोकला, लाल डोळे, वाहतं नाक, हे गोवराचं चित्र आहे. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराने बाळं दगावली होती. त्यात जीवनसत्त्व अ आणि डॉक्टरांची देखरेख लागते, आणि आरोग्य खात्याला कळवावं लागतं. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर तो बहुधा हँड-फूट-माऊथ, आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. पॅरासिटामॉल आणि गार, पातळ खाणं पुरतं. दाबूनही न जाणारे जांभळट ठिपके आणि ताप दिसला तर सरळ रुग्णालय.

दातांचं जेल नको. सॅलिसिलेट असलेलं, बधिर करणारं, दोन्ही नको. स्वच्छ ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या. दात येताना जुलाब आणि मोठा ताप येतो हा समज सोडा, त्यामागे खरा आजार दडून राहतो. ग्राइप वॉटरची गरज नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नसतं.

दुकान कसं ओळखावं

चांगलं मेडिकल बाटली काढण्याआधी विचारतं: वय काय, वजन किती, कधीपासून, लघवी होतेय का, दूध-पाणी घेतोय का, आधी काही औषध दिलंय का, कशाची अ‍ॅलर्जी. औषध देताना खोक्यावर मिलीत डोस लिहून देतं, "अर्धा चमचा" असं नाही. पांढऱ्या कोटातला नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असतो, त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं. आणि सर्वांत मोठी परीक्षा ही की "याला औषध नको, डॉक्टरांना दाखवा" असं म्हणून ते गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवू शकतं. तीन-चार पावडरी पुडीत बांधून किंवा बाटलीवरचं लेबल काढून औषध देणारं दुकान कितीही जवळ असलं तरी तिथून मुलासाठी काही घेऊ नका.

बिल मागाच. त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. कोल्ड्रिफच्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या एका बॅचबद्दल इशारा दिला होता. बिल जपलेल्या घराला आपल्याकडची बाटली तीच आहे का हे लगेच पाहता आलं. बिल नाहीच मिळालं तर बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा, बॅच आणि मुदत स्पष्ट दिसेल असा. मूल रुग्णालयात न्यावं लागलं तर डॉक्टर आधी तोच मागतात.